उमेदवाराचा धर्म आपल्या ओळखीचा नसेल तर त्याला जोखायचं कसं? रॉम्नींचं उदाहरण घेऊन

कोकणातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आता अमेरिकेत आहे, न्यू जर्सी म्हणा टेक्सास म्हणा, त्यातल्या बऱ्याच जणांना तिकडचं नागरिकत्व मिळालंय, म्हणजे ते तिकडे मतदान करतात, आणि निवडणूक जवळ आली की चिपळूण नाहीतर देवगडच्या घरात बसून व्हिडिओ कॉलवर आपणही त्यांना मतं सांगत असतो. त्या गप्पांत उमेदवाराचा धर्म निघाला की चर्चा दोन मिनिटांत संपते, कारण प्रश्न एकच उरतो, तो आपल्यातला की त्यांच्यातला. आपल्या गावातल्या निवडणुकीतही तेच, पारावर कोणीतरी म्हणतं "तो आमच्यातलो नाय" आणि विषय बंद.

म्हणून मी हे मॉर्मन उमेदवाराचं उदाहरण घेऊन लिहितोय, मॉर्मन म्हणजे अमेरिकेत सुरू झालेला एक धर्मपंथ. कोकणात मॉर्मन लोकांशी आपलं ना जुनं भांडण, ना जुनी मैत्री, बहुतेकांनी हा शब्दही नीट ऐकलेला नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन म्हटलं की आपलं डोकं लगेच तापतं नाहीतर मन लगेच विरघळतं, पण इथे तसं काही होत नाही, त्यामुळे शांतपणे शिकता येतं आणि शिकलेलं घरच्या निवडणुकीत वापरता येतं.

माणूस कोण ते आधी सांगतो. मिट रॉम्नी, जन्म १९४७, डेट्रॉइट. वडील जॉर्ज रॉम्नी मिशिगन राज्याचे गव्हर्नर (तिकडे हे पद आपल्या मुख्यमंत्र्यासारखं, निवडून यायचं), त्यांनीसुद्धा १९६८ च्या निवडणुकीसाठी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली होती. मिट तरुणपणी फ्रान्समध्ये चर्चचे प्रचारक म्हणून राहिले, नंतर बिझनेसमध्ये भरपूर पैसा कमावला, सॉल्ट लेक सिटीच्या २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकचा कारभार सांभाळला, २००३ ते २००७ मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते. २००८ ला रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी हुकली, २०१२ ला मिळाली आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओबामांकडून ३३२ विरुद्ध २०६ इलेक्टोरल मतांनी, म्हणजे राज्यवार मोजल्या जाणाऱ्या मतांनी, हरले. पुढे २०१९ ते २०२५ युटा राज्याचे सिनेटर. मोठ्या पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिलेले ते पहिले मॉर्मन. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या सर्व्हेत १९६७ मध्ये १७ टक्के लोक म्हणाले होते की आमच्या पक्षाने लायक मॉर्मन उमेदवार दिला तरी मत देणार नाही, आणि २०१२ मध्ये तेच म्हणणारे होते १८ टक्के, म्हणजे ४५ वर्षांत नकार जिथल्या तिथे. तेवढ्याच काळात कॅथलिक, ज्यू आणि कृष्णवर्णीय उमेदवारांबद्दलचा नकार मात्र खूप खाली आला. याचा अर्थ लोक सगळ्याच बाबतीत कोते नव्हते, एका ठराविक पंथाबद्दलची अढी तेवढी तशीच राहिली.

आता कायदा. अमेरिकेच्या घटनेच्या सहाव्या कलमात स्पष्ट आहे की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची परीक्षा घेता येणार नाही. पण हे बंधन सरकारवर आहे, मतदाराच्या मनावर नाही, बूथमध्ये तो कोणत्याही कारणाने कोणालाही नाकारू शकतो. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२३ वं कलम धर्म, जात, भाषा यांच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट मार्ग मानतं, आणि २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की उमेदवाराचाच नाही तर मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणंही त्यात येतं. हे प्रकरण आपल्या जवळचंच, मुंबईत सांताक्रूझला १९९० साली झालेल्या विधानसभा निवडणुकीचं. तरीही इथेसुद्धा मत मागणाऱ्याला आवर आहे, देणाऱ्याला नाही, देणाऱ्याने स्वतःला आवरायचं असतं आणि त्यासाठीच थोडी पद्धत लागते.

पहिलं काम, त्या पंथाची माहिती घ्या, आणि एकाच बाजूकडून घेऊ नका. त्यांचे लोक स्वतःबद्दल काय सांगतात ते वाचा, पंथ सोडून गेलेले काय सांगतात ते वाचा, आणि इतिहासकार काय म्हणतात तेही. व्हॉट्सॲपवर आलेलं तिन्हीत मोजू नका. मॉर्मन पंथाचं थोडक्यात असं, जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात चर्च सुरू केलं, देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा मजकूर आपण भाषांतरित केला असं त्याचं सांगणं, तोच त्यांचा ग्रंथ बुक ऑफ मॉर्मन. या लोकांना गावोगावहून हुसकावलं गेलं. गंमत नाही, खरं सांगतो, जोसेफ स्मिथ स्वतः १८४४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा होता आणि त्याच वर्षी इलिनॉयमधल्या तुरुंगात जमावाने शिरून त्याला ठार मारलं. मग ब्रिगहम यंगच्या मागून लोक पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ ला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. एकापेक्षा जास्त बायका करायची चाल चर्चने १८९० मध्ये थांबवली, त्यानंतर १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. काळ्या वंशाच्या पुरुषांना पौरोहित्य मिळालं ते थेट १९७८ मध्ये, बायकांना आजही नाही. दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला, आणि चर्चचा अध्यक्ष म्हणजे हयात असलेला प्रेषित, त्याच्यामार्फत देव आजही सांगतो अशी श्रद्धा.

या शेवटच्या गोष्टीवर अमेरिकेत बरेच जण बिचकतात, पण आपल्याला ती समजायला जड जाऊ नये. गावात मोठं काही करायचं झालं तर आपण ग्रामदेवतेला कौल लावतोच, पाकळी उजवी पडली की डावी ते बघून पालखीची तारीखसुद्धा ठरते, आणि कौल घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयात सरळ, चोख काम करतो. माहिती घेताना तारखा मात्र डोक्यात ठेवा. १८९० ला थांबलेल्या चालीवरून २०१२ च्या माणसाला टोमणे मारणं चुकीचं, त्याच्या लग्नाची बायको एकच, ॲन. १९७८ ची गोष्ट मात्र वेगळी, तेव्हा रॉम्नी ३१ वर्षांचे होते, कळते होते, त्यावर पुढे येतो.

दुसरं काम, आणि माझ्या मते सगळं यातच आहे, मनात येणारे सगळे प्रश्न कागदावर लिहा, लाजू नका, वेडेवाकडे असले तरी लिहा, आणि मग त्यांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग, ज्याचा पदाशी काही संबंध नाही ते प्रश्न. तो चहा का पीत नाही, त्यांच्यात आत घालायचे पवित्र कपडे असतात ते कसले, सोन्याचे पत्रे गेले कुठे. शेवटच्या प्रश्नावर काही शिकलेली माणसंसुद्धा अडून बसली होती, की असल्या गोष्टीवर विश्वास ठेवणारा माणूस देश कसा चालवेल. पण बाहेरून बघितलं तर प्रत्येक धर्मातला चमत्कार असाच दिसतो. माळ घातलेला माणूस समुद्रकिनारी राहून मासे खात नाही म्हणून कोणी त्याला ग्रामपंचायतीला नालायक ठरवत नाही. हा ढीग फाडून टाका. एक अपवाद आहे, श्रद्धेमुळे माणूस आजच्या तपासता येणाऱ्या गोष्टीबद्दल काही ठासून सांगत असेल, म्हणजे लस घेऊ नका, हा आजार पापामुळे होतो वगैरे, तर तो प्रश्न दुसऱ्या ढिगात टाकायचा.

दुसरा ढीग, जिथे धर्म आणि पद खरोखर एकमेकांना भिडतात. यातला मोठा प्रश्न आदेशाचा. चर्चचा प्रमुख एक म्हणाला आणि घटना दुसरं म्हणाली तर हा कोणाचं ऐकणार? हा प्रश्न विचारण्यात अपमान काहीच नाही. जॉन केनेडी कॅथलिक होते, लोकांना वाटायचं पोप राज्य करेल, तेव्हा १२ सप्टेंबर १९६० ला ते ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर जाऊन उभे राहिले आणि सांगितलं की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि कॅथलिक आहे, आणि सद्सद्विवेक आणि देशहित यांचा मेळ बसेनासा झाला तर राजीनामा देईन. रॉम्नींनी ६ डिसेंबर २००७ ला टेक्सासमध्येच कॉलेज स्टेशनला तसंच भाषण केलं, माझ्या चर्चचा कोणताही अधिकारी राष्ट्राध्यक्षाच्या निर्णयात हात घालणार नाही असं सांगितलं. दोन्ही भाषणं पूर्ण मिळतात, एकापाठोपाठ एक वाचा, तास जाईल पण जाऊ दे. केनेडी धर्माला कारभारापासून लांब ठेवायला बघतात, रॉम्नी मात्र म्हणतात स्वातंत्र्याला धर्माची गरज आहे, आणि मग ज्याचा कुठल्याच धर्मावर विश्वास नाही त्याचं काय, हे त्यात नाही. मॉर्मन हा शब्दही त्या भाषणात एकदाच येतो. उमेदवार काय बोलला यासोबत काय गाळलं तेही लिहून ठेवायचं असतं, कारण गाळलेल्या जागी आपला पुढचा प्रश्न असतो.

याच ढिगात समानतेचा प्रश्न येतो. तुमच्या चर्चमध्ये काळ्या माणसाला १९७८ पर्यंत बरोबरीचं स्थान नव्हतं, तेव्हा तुम्ही काय बोललात? रॉम्नींना हे टीव्हीवर विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की बंदी उठल्याची बातमी ऐकली तेव्हा आपण रडलो, आणि वडील नागरी हक्कांच्या बाजूने उभे होते हेही सांगितलं. मला हे उत्तर अपुरं वाटतं, रडणं खरंच असेल, पण बंदी असताना काय केलं ते त्यात नाही. तुम्हाला पुरेसं वाटू शकतं. प्रश्न मात्र रास्त होता, आणि हाच प्रश्न देवळाच्या गाभाऱ्यात कोणाला जाऊ देतात, गावच्या मांडावर मान कोणाचा, यावरून आपल्या उमेदवारालाही विचारता येतो, तो आपल्याच समाजाचा असला तरी.

याच दुसऱ्या ढिगातली आणखी एक गोष्ट, धर्मसंस्था स्वतः राजकारणात उतरते तेव्हाची. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी लग्नांवर बंदी आणणाऱ्या प्रस्तावासाठी मॉर्मन चर्चने आपल्या लोकांना वेळ आणि पैसा द्यायला सांगितलं होतं. मग उमेदवाराला त्या विषयावर विचारायलाच हवं. आणि इथे भाषणापेक्षा जुनं काम बघणं बरं. मॅसॅच्युसेट्समध्ये कोर्टाच्या निकालाने मे २००४ पासून समलिंगी लग्नं कायदेशीर झाली तेव्हा गव्हर्नर रॉम्नी होते, त्यांचा विरोध होता, तरी निकालाप्रमाणे राज्यात लायसन्स दिली गेली. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या जोडप्यांना मात्र त्यांनी १९१३ चा एक जुना कायदा काढून अडवलं. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या की माणूस कळायला लागतो, कोर्ट मोडणार नाही, पण कायद्यात फट दिसली तर आपल्या मताकडे ओढेल. याच्यावर बसून विचार करता येतो, "मॉर्मन आहे" या दोन शब्दांवर नाही येत.

तिसरा ढीग, जे प्रश्न धर्माचे नाहीतच पण धर्माच्या आड दडतात. रॉम्नींनी १९९४ आणि २००२ च्या निवडणुकांत गर्भपाताचा हक्क राहू देईन म्हटलं आणि नंतर भूमिका फिरवली. राज्यात २००६ मध्ये सगळ्यांसाठी आरोग्य विम्याचा कायदा केला आणि २०१२ ला त्याच्यासारख्याच ओबामांच्या कायद्याला विरोध केला. वर्षाला कोट्यवधी डॉलर कमावून टॅक्स साधारण १४ टक्के भरला, तो कायदेशीरच होता पण नोकरदाराला टोचणारा. देशातले ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून राहणारे आहेत अशा अर्थाचं बोलणं रेकॉर्ड होऊन बाहेर आलं. राष्ट्राध्यक्ष म्हणून लायक आहे की नाही ते ठरवायला हे प्रश्न किती महत्त्वाचे! आणि धर्माच्या गोंधळात हेच मागे पडतात, उमेदवारालाही ते सोयीचं, कारण धर्मावर टीका झाली की सहानुभूती मिळते आणि टॅक्सचा विषय राहून जातो. अंतुले आठवा, आंबेतचे, महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री, १९८० ते १९८२. त्यांच्या काळात कुलाब्याचं रायगड झालं, सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला, निराधार योजना आली, आणि त्यांना जावं लागलं ते सिमेंटच्या प्रकरणावरून, म्हणजे सिमेंट वाटपातल्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून. भांडण सिमेंटचं होतं ते सिमेंटचंच ठेवून झालं, असं व्हायला पाहिजे. किंवा जॉर्ज फर्नांडिस, मंगळूरच्या कॅथलिक घरातले, ते रेल्वेमंत्री असताना आणि आपले दंडवते अर्थमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वेचं महामंडळ झालं, आज गणपतीला गाडीत बसणाऱ्या कोणाला त्यांचा धर्म आठवतो?

ढीग झाले की तिसरं काम, अदलाबदल. दुसऱ्या ढिगातला प्रत्येक प्रश्न घ्या आणि त्यातला मॉर्मन काढून तिथे आपल्या जातीचा, आपल्या देवाचा, आपल्या पक्षाचा माणूस बसवा. तरीही प्रश्न विचारावासा वाटला तर तो खरा. नाही वाटला तर तो प्रश्न नव्हता, अढी होती. सॉल्ट लेकहून, म्हणजे मॉर्मन चर्चच्या मुख्यालयातून, आदेश येईल का असं विचारणाऱ्याने आपल्या वाडीच्या बैठकीत मतं कशी ठरतात ते बघावं. गावकी एक नाव ठरवते, मुंबईच्या मंडळाचा फोन येतो, काही ठिकाणी देवळात नारळ ठेवून शपथ घालतात आणि मग बायाबापड्या घाबरून तसंच मत टाकतात. हे मला मनापासून चुकीचं वाटतं आणि मी ते सोडून देणार नाही, कारण मत गुप्त आहे ते याचसाठी. आपल्यावर असा आदेश चालत असेल तर परक्या उमेदवाराच्या आदेशाची चौकशी करायचा आपला अधिकार लंगडा पडतो.

अदलाबदल अमेरिकेत झाली नाही आणि त्याचा पुरावा बघा. टेक्सासमधल्या एका मोठ्या चर्चचे पाद्री रॉबर्ट जेफ्रेस यांनी ऑक्टोबर २०११ मध्ये मॉर्मन पंथाला उघड कल्ट म्हटलं, म्हणजे भरकटलेला पंथ, आणि पुढच्या वर्षी समोर ओबामा आहेत म्हटल्यावर रॉम्नींनाच पाठिंबा दिला. गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला घट्ट धरून चालणाऱ्या प्रोटेस्टंट, ख्रिस्ती मतदारांपैकी १० तले जवळजवळ ८ जण २०१२ ला रॉम्नींकडेच गेले. म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत जो धर्माचा आक्षेप डोंगराएवढा होता तो पक्षाचा प्रश्न आल्यावर विरघळला. स्वतःला हेच विचारायचं, हाच माणूस माझ्या पक्षात असता तर त्याचा धर्म मला एवढा खुपला असता का.

लेबलवरून धोरण कळत नाही याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण हॅरी रीड. तेही मॉर्मन, त्याच चर्चचे, पण डेमोक्रॅट, २००७ ते २०१५ सिनेटमध्ये बहुमताचे नेते, आणि २०१२ मध्ये रॉम्नींच्या टॅक्सवरून जोरात हल्ला करणाऱ्यांत पुढे हेच. एकच ग्रंथ, एकच प्रेषित, आणि राजकारण एकमेकांच्या विरुद्ध. तिकडच्या मॉर्मन मतदारांचंही तसंच, २०१२ ला युटाने रॉम्नींना ७० टक्क्यांच्या वर मतं दिली, पण २०१६ ला त्याच राज्यात इव्हान मॅकमलिन या अपक्ष मॉर्मन उमेदवाराला २१ टक्क्यांच्या आसपास मिळाली आणि जिंकले ट्रम्प. गठ्ठा मतं म्हणतो तो गठ्ठा जवळून बघितला की सुटा असतो.

चौथं काम, श्रद्धेची किंमत मोजायची वेळ आली तेव्हा माणसाने काय केलं ते शोधा. सोयीच्या वेळी सगळेच धार्मिक असतात. ५ फेब्रुवारी २०२० ला ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगात सत्तेच्या गैरवापराच्या आरोपावर रॉम्नींनी दोषी असं मत दिलं. स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला दोषी ठरवणारे ते अमेरिकेच्या इतिहासातले पहिले सिनेटर, आणि कारण सांगताना म्हणाले की देवासमोर शपथ घेतलीय. २००७ मध्ये ज्यांना भीती होती की याची निष्ठा चर्चला वाहिलेली असेल, त्यांना १३ वर्षांनी दिसलं की ती श्रद्धा त्यांना पक्षाच्या विरोधात घेऊन गेली. ते मत तुम्हाला चूक वाटेल किंवा बरोबर, पण दबावाखाली या माणसाची श्रद्धा कशी वागते ते त्यातून कळतं. मी मतदार असतो तर आरोग्य विमा आणि टॅक्सच्या मुद्द्यावर २०१२ ला त्यांना मत दिलं नसतं, पण मॉर्मन म्हणून नाकारलंही नसतं, आणि या दोन नकारांत फार मोठा फरक आहे.

आपल्या इथल्या उमेदवारासाठी हेच सगळं करायला साधनं आहेत. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला फॉर्म २६ मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं, निवडणूक आयोगाच्या साइटवर मिळतं. ज्याचा धर्म तुम्हाला खुपतो त्याचं आणि ज्याचा खुपत नाही त्याचं, दोन्ही प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून वाचा, एकच वाचू नका. नंतर काम बघा, आधी सरपंच किंवा झेडपी सदस्य असेल तर दुसऱ्या वाडीच्या पाणीयोजनेचं काय झालं, बंदराकडचा रस्ता झाला तो फक्त आपल्या लोकांच्या घरापर्यंत झाला का पुढेही गेला.

आणि शक्य असेल तर तोंडावर विचारा. कोपरा सभा असते, प्रचाराला घरी येतात तेव्हा ओटीवर बसतातच. "तुम्ही अमुक धर्माचे, मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा" असं विचारलं तर समोरचा दुखावतो नाहीतर भाषण ठोकतो, हाती काही लागत नाही. त्यापेक्षा असं विचारा, "तुमच्या समाजाच्या बैठकीने एक ठरवलं आणि पदाचं काम दुसरंच सांगत असलं तर तुम्ही काय कराल, आणि याआधी असं कधी झालंय का?" प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सोडू नका. पहिल्याचं उत्तर सगळे छान देतात. दुसऱ्याला कोणी प्रसंग सांगितला तर गाव, साल, कामाचं नाव लिहून घ्या आणि मत टाकायच्या आधी त्या गावात एक फोन करा.